विहाराच्या नावानं गेलेला माळ

मी गाव सोडलं त्या सकाळी दादानं माझी पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधली होती. तो सायकल ढकलत पुढं, मी मधे आणि आबा मागून पेटीवर हात ठेवून. पेटी घट्ट बसली होती, हलतसुद्धा नव्हती, तरी आबांनी डांबरी रस्ता येईपर्यंत हात काढला नाही.

लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. पण आमच्या ह्यांना कुरकुंभच्या केमिकल कंपनीत पर्मनंट करेपर्यंत आणि दौंडला भाड्याची खोली मिळेपर्यंत मी माहेरीच होते. नव्वद सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. कुरकुंभला एकेक कारखाना उभा राहत होता आणि आमच्या केंदूरच्या बाजूच्या वस्तीतून पहिल्यांदाच कुणी तरी 'कंपनीत' लागलं होतं. तो माझा नवरा होता याचा दादाला माझ्यापेक्षा जास्त आनंद होता.

आई रस्त्यापर्यंत आली नाही. दारातच तिनं लाल तिखट आणि शेंगदाण्याचं कूट फडक्यात बांधून दिलं आणि म्हणाली, "लेक म्हंजी बांधलेली मेथीची जुडी. बाजारला जायचीच. रडून हिरवी ऱ्हाती व्हय?"

रस्त्याला लागायच्या आधी आमचा माळ लागायचा. आबा तिथं थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्यो माळ पोटाला कामाचा न्हाई, पर पाठीला हाय. तिकडं कायबी झालं तर हितं टेकायला जागा हाय, येवढं ध्येनात ठेव."

मग तळेगाव ढमढेऱ्याला जाणारी जीप आली. बाजाराचा दिवस होता, आत भाजीच्या पाट्या आणि माणसं एकमेकांवर बसलेली. दादानं माझी पेटी टपावर चढवली, ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, "बहीण हाय माझी, न्हावऱ्याच्या गाडीत नीट बसवून दे." जीप निघाली तेव्हा तो सायकल तशीच धरून उभा होता. तळेगावहून न्हावरा, न्हावऱ्याहून भीमेचा पूल ओलांडून चौफुला, चौफुल्याला एसटी बदलून दौंड. आज मोटारसायकलवर पोरं दुपारच्या जेवणाआधी जाऊन येतात. तेव्हा मला वाटलं होतं, मी देश सोडून चालले आहे.

वस्तीतल्या माझ्या बहिणींनो, तुम्ही कुणी भोसरीला आहात, कुणी हडपसरला, कुणी चाकणला, आणि ज्या गावातच दिल्या त्या अजून तिथंच आहात. लग्नाकार्यात भेटलात की सगळ्या एकच विचारता, "शकू, दौंड काय लांब हाय का? माहेराला येत का न्हाईस?" मी हसते आणि विषय बदलते. आता हे लिहून काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा हसावं लागणार नाही.

आमचा माळ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आपण तिथं बोरं वेचली, सीताफळं पाडली, तरवडाची फुलं केसांत घातली. गावची चाकरी करावी लागायची त्या काळी आपल्या लोकांना त्या बदल्यात जमिनी मिळाल्या, त्यातला तो आमच्या आज्याच्या वाटणीचा तुकडा. काळी जमीन ज्यांची होती त्यांचीच राहिली, आम्हांला खडक आला. त्यावर कधी नांगर चालला नाही, विहीर पडली नाही, घर उभं राहिलं नाही. उन्हाळ्यात कुसळं आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत, एवढंच त्याचं पीक. आबा तिथं शेरडं चारायचे. चांगली जमीन असलेले लोक चेष्टेनं म्हणायचे, "काय जमीनदार, आवंदा काय पेरलं?" आबाही हसत सांगायचे, "दगडं पेरलीत, उगवली की देतो दोन."

पण हसून झालं की ते माळावरचा एखादा दगड उचलून कडेला नीट रचून ठेवायचे. दुसऱ्याच्या बांधावर ज्याचा जन्म गेला त्याला स्वतःचा दगडसुद्धा काय असतो, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

दौंडला आमची खोली रेल्वे लाइनीच्या मागच्या चाळीत होती. एका बाजूला सोलापूरकडचं रेल्वेतलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला बिहारची दोन बिऱ्हाडं. सगळे मला 'भाभी' म्हणायचे. नळाला पाणी यायचं, पण यायच्या आधी भांडण यायचं. ह्यांची शिफ्ट बदलली की आमच्या घरातला दिवस बदलायचा. फर्स्ट शिफ्टला अंधारात डबा, सेकंडला दुपारी, नाइटला सगळी चाळ जेवत असताना हे झोपलेले. कंपनीच्या कपड्यांना एक वास असायचा, सोडा घालून धुतले तरी न जाणारा. पहिले काही महिने मला घास उतरायचा नाही. नंतर हे घरात आले हे मला त्या वासावरूनच कळायला लागलं. हळूहळू मी ओव्हरटाइमला ओटी, पाळी सोडवायला येणाऱ्याला रिलिव्हर असले कंपनीतले शब्द बोलायला लागले, जवळच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले, दोन मुलं झाली. माझी भाषा अर्धी गावची, अर्धी चाळीची झाली.

दादा वर्षातून दोन-तीनदा यायचा. हातात कायम काहीतरी असायचं, सीताफळं नाहीतर हुरडा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सुदाम, हे तुम्हांला सांगायला नको, पण तो मला कोण होता हे सांगायला हवं. आई-आबा मजुरीला जायचे तेव्हा मला त्यानं कडेवर वाढवलं. अंगणातल्या धुळीत काडीनं अ-आ-ई त्यानं गिरवून घेतलं. मी सातवीनंतर घरी बसणार होते, तर हा आबांपुढं उभा राहिला: "बाबासाहेबांचा फोटू भिंतीला लावायचा आन् पोरीला घरी बसवायचं, मग फोटू तरी काढा." म्हणून मी दहावी झाले. तो स्वतः बारावी होऊन घरी होता. रांजणगावला एमआयडीसी आली तेव्हा त्यानं गेटागेटावर अर्ज दिले. गेटवरचे लोक आधी गाव विचारायचे आणि लोकल आहे म्हटलं की परत पाठवायचे. लोकल माणूस युनियन करतो म्हणे. आपल्याच तालुक्यात कारखाने आले आणि आपलाच पोरगा बाहेरचा ठरला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वर्षांत एक कडवटपणा आला होता. तो मला दिसला होता, पण तो माझ्यावर उलटेल असं मनात आलं नाही.

एका उन्हाळ्यात तो दौंडला आला ते वेगळ्याच आनंदात. जेवताना त्यानं ताट बाजूला सरकवलं.

"शकू, आपण विहार बांधायचा."

"कुठं?"

"माळावर. आपली वस्ती येवढी वाढली, पर वंदनेला धड जागा न्हाई. समाजमंदिराचं पत्रं गळत्यात. आबांच्या हातानं माळातला कोपरा दान द्यायचा. कमानीवर आई-आबांचं नाव. तू सही द्यायला येशील न्हवं? वारस म्हणून तुझीबी लागती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे शिफ्टवरून आले तेव्हा मी दारातच त्यांना सांगितलं. त्यांनाही बरं वाटलं. "जमिनीला लायक काम मिळालं," असं म्हणाले.

शिरूरच्या नोंदणी कचेरीत आम्ही सगळे जमलो. आबांनी धुतलेलं धोतर आणि निळी टोपी घातली होती. आईनं लग्नाकार्यातलं लुगडं. कचेरीच्या आवारात झाडाखाली टायपिंगवाले बसले होते, त्यांच्याजवळ दोन पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे उभे होते. दादानं सांगितलं, विहाराच्या कमिटीला मदत करणारे आहेत. मी त्यांना जय भीम घातला. त्यांनी मान हलवली. मग नाव पुकारलं, कारकुनानं कागद पुढं केले, बोट ठेवून दाखवलं, इथं, इथं आणि इथं. आईनं अंगठा दिला, आबांनी त्यांची वाकडी सही केली, मी माझी.

लोक मला विचारतात, तू शिकलेली, मग वाचलं का नाहीस? त्यांना काय सांगू. मला वाचायला दादानं शिकवलं. त्याच्यासमोर त्यानंच पुढं केलेला कागद वाचून बघायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं. तुमच्यापैकी कुणी वाचला असता?

नंतर त्यानं आम्हांला शिरूरच्या स्टँडसमोर मिसळ खायला घातली. आबा तिखटानं घामाघूम झाले होते आणि तरी बोलत होते. विहाराला दार पूर्वेला हवं, भंतेजींना बसायला ओटा हवा, बाया-पोरींना उन्हात उभं राहायला नको. दादा 'व्हय, व्हय' म्हणत होता. त्याच्या बशीतली मिसळ तशीच राहिली होती.

आबांनी घरी गेल्या गेल्या पिंपळाचं रोप मिळवलं आणि माळाच्या कोपऱ्यात लावलं. उन्हाळ्यात माळावर रोप जगवायचं म्हणजे खेळ नाही. ते रोज वस्तीवरून तेलाच्या रिकाम्या डब्यातून पाणी न्यायचे. मला निरोप यायचे, पानं फुटली, आता शेळीच्या तोंडापासून काटे लावलेत.

आणि मग एका दुपारी आबा दौंडला आले. एकटे, न कळवता. तोपर्यंत ते आयुष्यात दोनदाच माझ्याकडं आले होते, दोन्ही वेळा दादाबरोबर. मी बालवाडीतून घरी येतेय तर ते चाळीच्या पायरीवर बसलेले, बाजूला धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"आबा? एकटेच आलात?"

"व्हय."

"आई बरी हाय ना?"

"बरी हाय."

मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. मुलं शाळेतून आली, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, पण डोळे भिंतीवर. हे फर्स्ट शिफ्टवरून आले, हातपाय धुऊन समोर बसले, तेव्हा आबांनी तोंड उघडलं.

"माळ गेला."

रोज जातात तसे ते पाणी घेऊन गेले होते. माळाला सगळीकडून तारेचं कुंपण घातलेलं. आधल्या दिवशी पाहुण्याकडं मयतीला गेले होते, तेवढ्यात खांब रोवले गेले. आत एक जेसीबी आणि छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेला वॉचमन, परप्रांतातला कोवळा पोरगा. त्यानं आबांना हटकलं, "चाचा, इधर नहीं आना. प्रायवेट है." आबांना हिंदी येत नाही. त्यांना वाटलं, त्याला पाणी हवंय. त्यांनी डबा पुढं केला. तो प्यायला, हात जोडले आणि पुन्हा म्हणाला, इधर नहीं. आबा पिंपळाकडं बोट दाखवत राहिले. त्या कोपऱ्यात तर सपाट केलेली मुरमाड माती होती.

मग कुणीतरी वस्तीतला पोरगा धावत आला आणि त्यानं त्यांना सांगितलं, जे वस्तीला आधीच कळलं होतं. माळ सगळाच्या सगळा विकला गेला होता. पुण्याच्या लोकांनी प्लॉटिंगसाठी घेतला होता. शिरूरच्या कागदांत दान नव्हतं, विहारही नव्हता. अशी चाकरीपोटी मिळालेली जमीन विकायला सरकारी परवानगी लागते म्हणतात. ते कसं जमवलं मला ठाऊक नाही. जमवणाऱ्यांना जमतं.

"मी सुदामला काय बी इचारलं न्हाई," आबा म्हणाले. "त्याच्या दारात नवी जीप हुबी हाय, ती बघितली. गाठुडं बांधलं आन् निघालो."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुट्टी टाकली. आम्ही दोघं गावाला गेलो. आबा आले नाहीत.

माहेरच्या अंगणात वाळू आणि विटा पडल्या होत्या. स्लॅबची तयारी. दादा बाहेर आला, मला बघून थांबला. वहिनी चहा टाकायला आत वळली, तिला मी नको म्हणाले.

"दादा, विहार कुठं हाय?"

"हुणार हाय. त्ये लोक कोपऱ्यात जागा सोडणारेत. बोलणं झालंय."

"कुठल्या कोपऱ्यात? जिथला पिंपळ उपटला त्या?"

तो वाकून वाळूत पडलेली वीट बाजूला ठेवायला लागला.

"तू बाबासाहेबांचं नाव घेतलंस, दादा. मला नुसतं म्हणला असतास, मला माळ विकायचाय, सही दे. मी दिली असती. आबांनी शिव्या दिल्या असत्या आन् दिली असती."

"आबांनी दिली नसती!" तो एकदम ओरडला. सगळी वस्ती ऐकत होती, त्यालाही ते माहीत होतं. "आबांना दगडं राखायचीत. त्यांच्यामागं मी राखायची, माझ्यामागं माझ्या पोरानं. तुला काय कळतंय, शकू? तुझ्या घरात पगार येतोय. तू गेलीस तवा सगळी वस्ती रडली. मी हितं ऱ्हायलो, माझ्यासाठी कोण रडलं? गेटावर कुत्र्यावानी उभा ऱ्हायलो मी. आज त्याच कंपन्यांची माणसं माझ्या जीपनं जात्यात. आन् तुझं काय गेलं? तू कवा त्या माळावर राहायला येणार व्हतीस?"

त्याचं सगळंच खोटं नव्हतं. आजही मला ते मान्य आहे. गेटावरचा त्याचा अपमान मी विसरले नाही. पण माणसाचा अपमान झाला म्हणून त्यानं कुणाच्या पाठीत सुरा घालायचा? ज्यांनी केला ते दूरच राहिले. जवळ सापडलो ते आम्ही.

मी आईकडं वळले. ती दारात उभी होती, चौकटीला धरून. मला वाटलं, ती आता माझ्यासारखीच फसवली गेलेली बाई म्हणून रडेल आणि मी तिला जवळ घेईन. मी म्हणाले, "आई, तू चल माझ्याबरोबर. आबा तिकडं वाट बघत्यात."

आई म्हणाली, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"शिरूरला जायच्या आधीपास्नं. सुदामनं मला सांगितलं व्हतं."

"आन् तू आबांना सांगितलं न्हाईस? मला न्हाई?"

"तुला कशापाई सांगू?" ती अगदी शांतपणे बोलली, भाजीचा भाव सांगावा तशी. "तू दिलेली लेक. तुझं घर तिकडं हाय. माझं म्हातारपण ह्याच्या हाती हाय. सुनंच्या हातचं खायचं मला. मला लेकाच्या घरातनं उठवू नगंस."

बहिणींनो, दादानं केलं ते मी कधीतरी कुणाला तरी समजावून सांगू शकते. आईचं ते वाक्य मला अजून कुणाला समजावता येत नाही. ती निळं लुगडं नेसून कचेरीच्या झाडाखाली बसली होती, मी आणलेल्या डब्यातली चपाती तिनं मला घास मोडून भरवली होती आणि तिला माहीत होतं.

परतीच्या एसटीत हे एवढंच म्हणाले, "केस करायची तर करू." ओळखीचा वकील होता. आबांना विचारलं. ते म्हणाले, "लेकाला कोर्टात हुबा करायसाठी शिकवला न्हाई मी. केस करू नगंस. पर मला तिकडं न्हेऊबी नगंस. माझं कायबी झालं तरी न्हेऊ नगंस."

असे माझे आबा म्हातारपणी स्थलांतरित झाले. मी गाव सोडलं तेव्हा पेटी तरी होती, नवरा पुढं वाट बघत होता. त्यांच्याकडं धोतराचं गाठोडं होतं. चाळीत त्यांचा जीव रमेना. शेरडं नाहीत, बांध नाही, ओळखीचा माणूस नाही. सकाळी उठून ते स्टेशनाकडं जायचे, पुलावर उभं राहून गाड्या बघायचे. बिहारच्या बिऱ्हाडातली भाभी त्यांना 'बाबूजी' म्हणायची. तिच्या मुलाबरोबर ते खुणांनी बोलायचे. हळूहळू त्यांना थोडी हिंदी यायला लागली. एकदा जेवताना मधेच त्यांनी मला विचारलं, "प्रायवेट म्हंजी काय गं?" मी सांगितलं, "खाजगी, आबा. म्हणजे ज्याचं त्याचं." त्यांनी मान हलवली आणि घास तोंडात घातला.

आई एकदाच आली. आबांना दम लागायला लागला होता, मी निरोप धाडला, तर ती एकटी एसटीनं आली. आठवडाभर राहिली. स्वतःच्या हातानं पिठलं-भाकरी करून त्यांच्यापुढं ठेवायची, ते खायचे, माळाचं नाव दोघंही काढत नव्हती. मी तिच्याशी कामापुरतं बोलले. जायच्या दिवशी ती पिशवी भरत असताना आबा म्हणाले, "ऱ्हा की हितंच."

"तुम्हीच चला की घरी," आई म्हणाली.

मग आबा उठले, तिची पिशवी घेतली आणि तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. सगळा जन्म एका चुलीशी काढलेली दोन माणसं. त्यानंतर ती एकमेकांना जिवंत भेटली नाहीत.

आबा गेले ते दौंडच्या सरकारी दवाखान्यात. दादा आला, वस्तीतले लोक घेऊन. गावी न्यायची गाडीही त्यानं आणली होती. मी दवाखान्याच्या दारात उभी राहून सांगितलं, "आबा हितनं हलणार न्हाईत. त्यांचं सांगणं हाय." वस्तीतल्या जाणत्या लोकांनी मला समजावलं, लोक काय म्हणतील, मुलगा असताना जावयाच्या गावात? मी हलले नाही. दादानं वाद घातला नाही. त्यानं खांदा दिला, मी देऊ दिला. पुण्यानुमोदन मी दौंडच्याच विहारात केलं. छोटा विहार, रेल्वेतल्या आपल्या लोकांनी वर्गणीतून बांधलेला. त्रिशरण म्हणताना मला माळावरचा न झालेला विहार आठवत होता.

आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. मी गावाला गेले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, त्याच दिवशी परत आले. येताना जीप माळावरून गेली. मी पाहायचं नाही ठरवलं होतं, पण मान वळली.

मला वाटलं होतं बंगले असतील, निदान भिंती. तिथं इंग्रजी नावाची कमान होती, रंग उडालेली. आत चुना लावलेले आकड्यांचे दगड, ओळीनं. आणि गवत, गुडघाभर. कुणीही घर बांधलेलं नव्हतं. पुण्याच्या लोकांनी प्लॉट घेतले, दुसऱ्यांना विकले, त्यांनी तिसऱ्यांना. जमीन हातोहात फिरली आणि जागची हलली नाही. कुंपण पडलं होतं, कुणाची तरी शेरडं आत चरत होती. माळ माळच राहिला होता, आबा शेरडं चारायचे तेव्हा होता तसाच. मग कशासाठी गेला, हे मला त्या जीपमधे कुणाला तरी ओरडून विचारावंसं वाटलं. शेजारी मेथीच्या पाट्या घेतलेल्या बाया होत्या. त्यांना काय विचारणार.

यानंतर माझं माहेर संपलं. मी ते मनातून काढून टाकलं असं नाही. जायचं कुणाकडं, हेच उरलं नाही. दरम्यान ह्यांनी कर्ज काढून दौंडमधेच दोन खोल्यांचं घर घेतलं, मुलं मोठी झाली, थोरला आयटीआयला गेला. कुणी गाव विचारलं की मी तालुका शिरूर म्हणायचे, गावाचं नाव घ्यायचे नाही.

मागच्या वर्षी मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

"आत्या, मी प्रज्ञा बोलतेय. सुदामदादाची." तिनं स्वतःच्या बापाचं नाव असं सांगितलं, जणू मला तो आठवणार नाही. "मला कुरकुंभला जॉब लागलाय. औषधाच्या कंपनीत, पॅकिंगला. तिकडं माझं कोणीच न्हाई. तुझ्याकडं राहू का थोडे दिवस? रूम मिळेपर्यंत."

मी विचारलं, "पप्पांनी फोन करायला सांगितलं?"

"मीच त्यांना करायला सांगत होते. ते म्हणाले, आत्याला विचारायचं तोंड मला न्हाई. तूच विचार."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "तुझं तू ठरव." मी तिला सांगितलं, ये.

रविवारी दुपारी दारात जीप थांबली. पोरगी उतरली, हातात बॅग आणि पाठीला सॅक, नाकीडोळी अगदी माझ्या आईसारखी. तिच्यामागून दादा. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, खिशाला पेन. तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि चपला काढाव्या की नाही, हे त्याला कळेना.

"पोरीला सांभाळ," तो म्हणाला.

"माझी भाची हाय. सांभाळीन."

मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. तो उभ्यानंच प्यायला. आपल्याकडं वैऱ्यालासुद्धा पाण्यामागोमाग बस म्हणतात. तो त्या शब्दाची वाट बघत होता. मला त्याच्या मानेवरून ते दिसत होतं. लहानपणी मी रुसले की तो असाच मान तिरकी करून उभा राहायचा. शब्द माझ्या जिभेवर आला. आत खुर्ची रिकामी होती, चहाचं आधण ठेवलेलं होतं. मी बोलले नाही.

त्यानं तांब्या परत दिला. "निघतो मग," म्हणाला आणि जीपमधे जाऊन बसला.

जीप वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा प्रज्ञा माझ्याकडं बघत होती. "आत्या, पप्पांना बस का न्हाई म्हणालीस?"

"तू बस," मी म्हणाले. "ही खोली तुझी. थोडे दिवस न्हाई, नोकरी हाय तवर."

ती आत बॅग ठेवायला गेली. मी दारात उभी राहिले. माहेरात माझं काय होतं, हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं. चाळीत घरमालक ठरवायचा. ह्या दोन खोल्यांत कुणाला बस म्हणायचं आणि कुणाला नाही, हे मी ठरवलं. तुम्ही विचारता ना, माहेराला का येत नाहीस? मला आता गाव विचारलं, तर मी दौंड सांगते. हे सांगताना आनंद होत नाही. पण अडखळतही नाही.

आतून प्रज्ञानं हाक मारली, "आत्या, चहा उतू जातोय." मी दार लोटलं आणि आत गेले.